घटक ४ : विज्ञान हा धर्म मानता येईल काय?

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील वैचारिक निबंधाचा परिचय करून घेतला. त्या निबंधांतील बुद्धिवादावर घेतला जाणारा एक आक्षेप आजही सभेत, पारावर, एस.टी.च्या प्रवासात ऐकू येतो : ‘आम्ही देव मानतो, तुम्ही विज्ञान मानता; म्हणजे तोही एक धर्मच झाला की!’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो खरा असेल, तर मांत्रिक आणि डॉक्टर यांतील निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब ठरेल. प्रस्तुत घटकात या आक्षेपाचे परीक्षण करावयाचे आहे. उदाहरणे मुख्यतः सातारा-सांगली परिसरातील आहेत. कारण या प्रश्नाशी झगडलेली बरीच माणसे याच भागाशी नाते सांगणारी आहेत.

४.२ शब्दांचा गुंता

मराठीत हा वाद अधिक गुंतागुंतीचा होतो, याचे एक कारण आपले शब्दच आहेत. ‘विज्ञान’ हा शब्द जुना आहे. गीतेच्या सातव्या अध्यायावरील विवेचनात ज्ञानदेव आत्मज्ञानाला ‘ज्ञान’ म्हणतात आणि प्रपंचाच्या जाणिवेला ‘विज्ञान’. त्या प्रपंचालाच सत्य मानणे म्हणजे अज्ञान, असे ते सांगतात. प्रयोगशाळेतील विज्ञानाचा अर्थ येथे अभिप्रेत नाही, हे उघड आहे. ‘शास्त्र’ या शब्दाची स्थिती तर याहून मौजेची आहे. धर्मशास्त्रही शास्त्र आणि भौतिकशास्त्रही शास्त्र. ‘शास्त्र असतं ते’ असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेव्हा प्रश्न विचारण्याची वाट बंद झालेली असते. भौतिकशास्त्रात मात्र प्रश्नापासूनच सुरुवात होते.

‘धर्म’ या शब्दातही उपासना, कर्तव्य आणि स्वभाव हे तिन्ही अर्थ नांदतात. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असे आहे. ग्रंथप्रामाण्य नाकारूनही त्यांनी ‘धर्म’ हा शब्द सोडला नाही आणि ‘निर्मिक’ही ठेवला. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र नीतीला ईश्वराच्या आधाराची गरज मानली नाही. म्हणून कोणी ‘विज्ञान हा धर्म आहे’ असे म्हणाल्यास, कोणत्या अर्थाने, हे आधी विचारावे. निम्मा वाद तेथेच मिटतो. उरलेला निम्मा मात्र खरा आहे.

४.३ दोन सातारकर

डॉ. श्रीराम लागू (जन्म १९२७) आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर (जन्म १९४५) हे दोघेही साताऱ्यात जन्मले, दोघेही वैद्यकाचे पदवीधर. दाभोलकरांचे वैद्यकीय शिक्षण मिरजेस झाले. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना झाल्यानंतर या दोघांनी ‘विवेकजागराचा वादसंवाद’ हा कार्यक्रम गावोगावी केला. देवाला आता निवृत्त करावे, असे लागूंचे स्पष्ट मत होते. समिती देवाधर्माबाबत तटस्थ आहे, तिचा विरोध शोषणाला आहे, ही दाभोलकरांची भूमिका होती. एकाच व्यासपीठावर, एकाच चळवळीतील दोन माणसे मूलभूत प्रश्नावर जाहीरपणे मतभेद मांडत होती.

एवढ्यावरून विज्ञान धर्माहून वेगळे ठरते, असे मात्र समजू नका. द्वैती आणि अद्वैतीही शतकानुशतके वाद घालत आले आहेत. भेद वादाच्या असण्यात नसून वादाचा निकाल कशाने लागतो, यात आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो, ही वार्ता देशभर पसरली. चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे स्पष्टीकरण पुढे आले. ते कोणी विद्वान सांगतो म्हणून स्वीकारण्याचे कारण नव्हते. रंग मिसळलेले दूध घ्यावे आणि ओघळ डोळ्यांनी पाहावा; आस्तिकालाही तो तसाच दिसतो.

४.४ विश्वास आणि श्रद्धा

येथे एक जाणकार विद्यार्थी विचारील : ‘प्रत्येक गोष्ट मी कोठे पडताळून पाहतो? डॉक्टर सांगतात ते मी मानतोच ना?’ प्रश्न रास्त आहे. शेतात साप चावलेल्या माणसाला इंजेक्शन दिले जाते, तेव्हा ते औषध त्याने तपासलेले नसते. त्याच्या बाजूने पाहता देवऋषी आणि डॉक्टर सारखेच. दोघांवरही विश्वासच ठेवावयाचा.

परंतु थोडे खोलात जाऊ. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांसारखा विषारी साप चावला, तरी दर वेळी विष शरीरात उतरतेच असे नाही. त्यामुळे मंत्र घालून ‘बरे झालेले’ रुग्ण गावोगाव भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. दगावलेल्यांची गणती मात्र कोणी ठेवत नाही. ठेवली, तरी ‘वेळ भरली होती’ या शब्दांत ती मिटवली जाते. उलट, प्रतिसर्पविषाच्या खोक्यात एक चिठ्ठी असते. हे औषध कोणत्या सापांच्या विषावर चालते आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, हे तीत छापलेले असते. आपल्या मर्यादा लिहून देणारा गंडादोरा प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला, त्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा मानला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला.

४.५ विज्ञान जे देत नाही

विष कसे उतरवावे, हे विज्ञान सांगते. परक्याला, वैऱ्याला, पैसे नसलेल्यालाही ते औषध मिळाले पाहिजे, हे विज्ञान सांगत नाही. ते मूल्य माणसाला अन्यत्र शोधावे लागते; कोणाला ते वारीत सापडते, कोणाला संविधानात. १९७६ मध्ये संविधानात आलेल्या अनुच्छेद ५१ क मधील कर्तव्यात वैज्ञानिक दृष्टिकोनाला लागूनच मानवतावाद लिहिला आहे, याकडे लक्ष द्या. ‘विज्ञानाने सिद्ध’ एवढेच सांगून कोणी अंगठी, पाणी किंवा एखादे यंत्र विकत असेल, तर तेथे विज्ञानाचा धर्म केला जात आहे, असे खुशाल म्हणावे.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या गावातील सर्पदंशाची एक घटना आठवा. रुग्णाला आधी कोठे नेले, तो निर्णय कोणी घेतला आणि नंतर त्या निर्णयाचे समर्थन कोणत्या शब्दांत झाले, हे दोनशे शब्दांत लिहा. त्या लेखनात ‘विश्वास’, ‘श्रद्धा’ आणि ‘शास्त्र’ हे शब्द आले असल्यास ते कोणत्या अर्थाने आले, हे समासात नोंदवा.