प्लॉट रस्त्याला लागून आहे, पण फाटक काढता येईल का?

जालन्यात घरासाठी किंवा गोडाऊनसाठी जागा बघताय? भाव ठरवण्याआधी समोरचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा. 'रोड टच' म्हणून जादा पैसे मोजले तरी फाटकाची परवानगी सातबाऱ्याबरोबर येत नाही. शहरात ती महानगरपालिकेकडून घ्यायची, गावरस्त्यावर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून, राज्यमार्गावर सार्वजनिक बांधकाम विभागाकडून.

समृद्धी महामार्गाला खेटून जमीन असली तरी इंटरचेंजशिवाय त्यावर जाता येत नाही, कितीही पैसे टाका. शहागडवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 52 ला 2002 चा महामार्ग नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे परवान्याशिवाय जोडरस्ता बेकायदा. पेट्रोल पंप काढणाऱ्याला वेग कमी-जास्त करायच्या मार्गिका स्वखर्चाने बांधाव्या लागतात. मोठा पैसा तिथेच जातो.

कागदांचा खर्च त्यामानाने किरकोळ. डिजिटल सातबारा 15 रुपयांत मिळतो. ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंतच्या मोजणीला 2024 अखेरच्या दरांनुसार नियमित 2,000, तर द्रुतगती 8,000 रुपये लागतात. मोजणी टाळू नका. फाटक रस्त्याच्या जमिनीत निघालं तर ते बांधलेल्या भिंतीसकट जातं.

लोक फसतात ते मोरीत. रस्त्याकडेच्या नालीवर मुरूम टाकून वाट केली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या मोसंबीत शिरतं, आणि भांडण तिथून सुरू होतं. नळ्यांचा व्यास खात्याकडून लेखी घ्या. ट्रक, ट्रॅक्टर जाणार असेल तर एनपी-3 दर्जाची नळी मागा. एक नळी साधारण अडीच मीटरची असते, म्हणजे साडेसात मीटर रुंद वाटेला तीन. दर दोन-तीन ठिकाणी विचारा. क्रेन, खोदाई आणि तोंडाच्या भिंती वेगळ्या धरा.

शेताची वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जा. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. त्या निकालाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. वाट मिळाली की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद करून घ्या. शेजारची जमीन विकली गेली तर नव्या मालकाला दाखवायला तीच नोंद लागते.