शिल्लक ओढताना

सूनबाई, नवा लॅपटॉप आणलास, चांगलं झालं. पण जुना एवढ्यात कुणाला देऊ नको. घरचा आणि शेतीचा सगळा हिशेब त्यातल्या टॅलीत आहे: सोयाबीनच्या पट्ट्या, सालगड्याची उचल, तुझ्या भावाकडून घेतलेले उसने पैसे. हे सगळं नव्यात नीट उतरलेलं तुझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत जुन्यातलं काहीही पुसायचं नाही.

चाकूरच्या मोंढ्यात मी आडतीवर मुनीम होतो, तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला नवी वही निघायची. पूजा झाली की शिल्लक ओढायची. मालक जुन्या खतावणीतलं एकेक खातं मोठ्यानं वाचायचे, मी नव्या वहीत उतरवायचो. मग उलटं, मी वाचायचो आणि ते जुन्या वहीवर टिंब द्यायचे. शेवटी तेरीज काढायची. जमा आणि नावे जुळल्याशिवाय कुणी जेवायला उठत नसे. कम्प्युटरवर उतरवायचं काम दोन मिनिटांत होतं, म्हणून लोक वाचायचं आणि जुळवायचं सोडून देतात. घोटाळा तिथंच होतो.

आमच्या दुकानात एकदा कम्प्युटर मंद झाला म्हणून एका पोराला बोलावलं. त्यानं विंडोज नवी टाकली. डेटा सी ड्राइव्हमध्ये होता. तो कुठं आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अख्ख्या हंगामाचा हिशेब गेला. पट्ट्यांच्या कार्बन प्रती पोत्यात बांधून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. रात्री जागून एकेक नोंद पुन्हा भरली. हमाली, तोलाई, आडत, सगळी. ती जागरणं मी विसरलो नाही, म्हणून तुला इतकं सांगतोय.

आधी डेटा कुठं आहे ते शोध. टॅलीत कंपनी उघडायच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. तिथं जाऊन बघ, प्रत्येक कंपनीचं एक फोल्डर असतं आणि त्याला नावाऐवजी नुसता आकडा असतो. तो आकडा वहीत लिहून ठेव. मग टॅलीतूनच बॅकअप घे, आणि टॅली बंद करून ते फोल्डरही जसंच्या तसं उतरव. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी ऑनलाइन. लॅपटॉपच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नको, इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघ. प्रत होत असताना लाईट गेली तर अर्धवट फाइल पूर्ण वाटते. पेन ड्राइव्ह ओढून काढायचा नाही, आधी कम्प्युटरला सांगायचं आणि मग काढायचा.

लायसन्सचं मात्र आधी बघ, यात माणसं फार अडकतात. टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. जुन्या मशीनवर इंटरनेट चालू असताना ते सरेंडर कर आणि मग नव्यावर चालू कर. त्यासाठी सीरियल नंबर आणि नोंदवलेला ई-मेल लागतो. तो ई-मेल तुझा आहे का, हे आजच तपास. पुष्कळांच्या बाबतीत तो विकणाऱ्याचा असतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि आपण लातूरला हेलपाटे घालत बसतो. आणि टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावला असशील तर कागदावर लिहून कपाटात ठेव. तो विसरला तर डेटा असूनही नसल्यासारखा.

रिस्टोर करताना रिकाम्या फोल्डरात कर. चालू कंपनीच्या जागेवर जुना बॅकअप सोडलास तर नव्या नोंदी दबून जातात. आणि नव्या लॅपटॉपवर टॅलीची नवी आवृत्ती असली तर ती जुना डेटा आपल्या पद्धतीत बदलून घेते, तो परत जुन्या टॅलीत उघडत नाही. म्हणून एक प्रत अशी राख की जी कुणी उघडलेलीच नाही.

तुझ्या सासऱ्यांच्या एक्सेलच्या याद्या विसरू नको. त्या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या आहेत. नव्या लॅपटॉपवर तिथं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. घाबरून पुसू नको, फाइल चांगलीच आहे. जुन्यातला तो फॉन्ट आणून बसवला की नावं जशीच्या तशी दिसतात.

तुझ्या भाऊजींचं आडतीचं काम तुझ्याकडे आलं तर लक्षात ठेव, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात, म्हणजे जुनी वर्षंही नव्यात यायला हवीत, फक्त चालू वर्ष नाही.

टॅली 1986 साली बेंगळुरूत गोयंका बापलेकांनी सुरू केली. खात्यांचे कोड पाठ न करता माणसाला आपल्या नावांनी हिशेब लिहिता यावा, ही त्यांची धडपड होती. म्हणून तुझी खाती नावानं सापडतात. जुळवायलाही नावंच घे.

चल, दोन्ही लॅपटॉप ओसरीवर आण. 31 मार्चची तेरीज दोन्हीकडे उघड. तू जुन्यावरची रोख शिल्लक वाच, मी नव्यावर बोट ठेवतो. मग सालगड्याचं खातं, मग तुझ्या भावाचं.