सूर्यगुरू आणि देवळाचं वीजबिल

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अवधूतांनी तिथं आपले चोवीस गुरू सांगितले. हे अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी आपली परंपरा. पण त्या चोवीस गुरूंचा क्रम कधी नीट पाहिलात का? पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र आणि सूर्य हे पहिले सात. कबुतर, अजगर, समुद्र, मधमाशी, पिंगला ही सगळी मंडळी नंतर येतात. माणसाच्या आधी आणि प्राण्यांच्याही आधी प्रभूंनी गुरुपद दिलं ते पंचमहाभूतांना आणि आकाशातल्या दोन दिव्यांना.

सातवा गुरू सूर्य. तो आपल्या किरणांनी पाणी ओढून घेतो आणि योग्य वेळी परत देतो. घेताना हाव नाही, देताना खंत नाही. मी बँकेत 36 वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. त्यामुळे हा गुरू मला लगेच कळतो. दिवसभर लाखो रुपये हाताखालून जायचे, संध्याकाळी कॅश जुळवून तिजोरीत गेली की आपल्या खिशात आपला पगार तेवढाच. सूर्य हा असा कॅशियर आहे. मधमाशीचीही शिकवण तीच, साठा करणाऱ्याचा साठाच त्याला बुडवतो.

हे सगळं आठवायचं कारण असं की आमच्या देवळाच्या समितीत सभामंडपावर सौर पॅनल बसवण्याचा विषय निघाला. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "देवळानं देव सांभाळावा. वीज आणि हवामान हे सरकारचं काम. आपण त्यात बोलायचं कशाला?" प्रश्न खोचक नव्हता, मनापासूनचा होता. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. आपली वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. ग्रिडमधली एक युनिट वीज वापरली की सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या देवळाचा वापर महिन्याला साधारण 400 युनिट, म्हणजे वर्षाला 4,800. गुणाकार करा, तीन टनांच्या वर जातो. समई तुपाचीच लावतो आपण, पण मागच्या ट्यूबलाइटचा धूर चंद्रपुराला निघतो, तो आपल्याला दिसत नाही इतकंच.

हा वायू हवेत जातो, त्यातला निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडं-माती उचलतात, उरलेला खात्यात शिल्लक पडतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. आज 420 च्या वर आहे. जमा रोज होते आहे, खर्च पुरेसा नाही, आणि ही शिल्लक शेकडो वर्षं राहणारी. एकनाथ महाराजांची गोष्ट आठवते ना? देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम होतं. एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. जनार्दनस्वामी दत्तोपासक. आपल्या संप्रदायाला हिशेबाचं वावडं कधीच नव्हतं.

आता या शिल्लकेचं पुढं काय होतं? पृथ्वी तापते. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि पडते तेव्हा एकदम पडते. आपल्या नृसिंहवाडीचं घ्या. कृष्णामाई उत्तरेकडून गाभाऱ्यात शिरते, मनोहर पादुकांना स्नान घालते, दक्षिणद्वारानं बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा साधायला आपण किती लांबून जातो! पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, ही तिथली रीतच आहे. पण 2019 आणि 2021 साली तेच पाणी शिरोळ, सांगली, कोल्हापुरात घराघरांत शिरलं. सोहळा आणि महापूर यांच्यात काही फुटांचाच फरक. त्या महापुरांना धरणांचे विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं अशीही कारणं आहेत, अलमट्टीचा वाद तर अजून चालूच आहे. सगळं खापर हवामानावर फोडणं मला पटत नाही. पण कमी दिवसांत जास्त पाऊस कोसळणं वाढत जाणार, असं हवामानशास्त्र सांगतं. चौथा गुरू जल, त्याची वागणूक आपल्या करणीनं बदलते आहे. मग देवळाचा याच्याशी संबंध नाही, हे कसं म्हणावं?

दुसऱ्या धर्माच्या मंडळींनी या बाबतीत काय केलं, ते थोडं वाचून काढलं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये सॅली बिंगहॅम नावाच्या धर्मोपदेशिका होत्या. मूळच्या त्या चर्चला जाणाऱ्या एक गृहिणीच. सृष्टी देवानं केली असं आपण म्हणतो, मग तिच्या नासाडीबद्दल व्यासपीठावरून कुणी बोलत का नाही, हा त्यांचा प्रश्न. उत्तर मिळेना म्हणून उतारवयाकडे झुकताना स्वतः धर्मशास्त्र शिकल्या, दीक्षा घेतली. त्या सुमारास कॅलिफोर्नियात ग्राहकाला आपला वीजपुरवठादार निवडायची मुभा मिळाली होती. 1998 साली बिंगहॅमबाईंनी आपल्या पंथातल्या चर्चेसना एकत्र करून स्वच्छ वीज घ्यायला लावली. पुढे त्यात ज्यू, मुस्लिम, बौद्ध, हिंदू असे सगळे आले आणि 'इंटरफेथ पॉवर अँड लाइट' ही चळवळ अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पसरली. 2006 साली कॅलिफोर्नियानं प्रदूषण 1990 च्या पातळीवर आणण्याचा कायदा केला. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत ही देवळा-चर्चांची मंडळी होती. मुदत 2020 पर्यंतची होती, राज्यानं ते उद्दिष्ट 2016 मध्येच गाठलं.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी स्वतःचं बिल बदललं, मग विधिमंडळाच्या दारात गेले. नुसतं दुसऱ्याला सांगणाऱ्याचं कोण ऐकतो?

पण दरवेळी दार उघडतंच असं नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो इथं कृष्णवर्णीय भाविकांचं एक चर्च आहे, फेथ कम्युनिटी चर्च. पॅनल विकत घेण्याएवढी गंगाजळी नव्हती. 2015 साली 'एनसी वॉर्न' या संस्थेनं त्यांच्या छपरावर 5.2 किलोवॅटचे पॅनल स्वखर्चानं बसवले आणि चर्चला युनिटमागे 5 सेंट दरानं वीज देऊ केली. त्या राज्यात वीज विकण्याचा हक्क ठरावीक कंपनीलाच. प्रकरण नियामक आयोगापुढं गेलं, संस्थेला 60,000 डॉलरचा दंड झाला. पैसे परत करून विक्री थांबवली तर दंड माफ, अशी सवलत होती. संस्था अपिलात गेली, आणि 2018 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. एका देवळाच्या छपरावरची पाच किलोवॅट वीज, आणि त्यासाठी तीन वर्षं कज्जा! मात्र दरम्यान 2017 साली तिथल्या विधिमंडळानं पॅनल भाड्यानं घेण्याची वाट कायद्यानं मोकळी केली. आमच्या वडीलधाऱ्या सभासदांना मी हेच सांगितलं, की छप्पर आपलं असलं तरी नियम दुसरीकडं ठरतात, म्हणून बोलावं लागतं.

बँकवाल्याला सगळ्यात जास्त भावली ती इंग्लंडची गोष्ट. चर्च ऑफ इंग्लंडचा निधी दहा अब्ज पौंडांच्या वर. त्यात तेल कंपन्यांचे शेअर होते. त्यांनी लगेच विकून मोकळं होण्याऐवजी भागधारक म्हणून सभेत प्रश्न विचारायचं ठरवलं. 2017 साली एक्सॉनमोबिल कंपनीच्या वार्षिक सभेत, हवामानविषयक धोरणांचा धंद्यावर काय परिणाम होईल ते जाहीर करा, असा ठराव न्यूयॉर्क राज्याच्या पेन्शन निधीबरोबर त्यांनी मांडला. व्यवस्थापनाचा विरोध असूनही सुमारे 62 टक्के मतं पडली. वार्षिक सभा म्हणजे चहा-बिस्किटं, हा आपला अनुभव. तिथं एका धर्मसंस्थेनं एवढी मतं मिळवावी! तरीही कंपन्यांची वाट पुरेशी बदलत नाही, असं पाहून 2023 साली त्यांनी मोठ्या तेल कंपन्यांमधली आपली गुंतवणूक काढून घेण्याचं जाहीर केलं. आधी सांगून पाहिलं, मग खातं बंद केलं.

2015 साली पॅरिसच्या परिषदेआधी पोपसाहेबांचं पत्र आलं, इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांचा जाहीरनामा निघाला, हिंदूंचाही निघाला. जाहीरनामे चांगलेच असतात, पण मला ताळेबंद जास्त आवडतो.

तो पाहायला परदेशी जायला नको. शिर्डीच्या साईबाबा संस्थानानं 2009 साली प्रसादालयावर आरशांच्या 73 मोठ्या तबकड्या बसवल्या. प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या. त्या उन्हाबरोबर वळतात, पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा भात-डाळ शिजते. खर्च सुमारे 1 कोटी 33 लाख, त्यातले 58 लाखांवर केंद्र सरकारचं अनुदान. ढगाळ दिवसात गॅस लागतोच, पण ऊन असेल तेव्हा सिलिंडर वाचतो. अन्नदान हा आपल्याकडचा मोठा धर्म, तो सातव्या गुरूच्या हातून घडतो आहे. राजस्थानात अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या आवारातही 84 तबकड्यांवर असाच स्वयंपाक होतो.

आपली देवळं लहान. आपल्याला तबकड्या नकोत, छपरावरचे साधे पॅनल पुरेत. एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आमच्या 400 युनिटांना चार किलोवॅट पुरतात. शिखराची सावली पॅनलवर पडू नये, एवढं मात्र बघावं लागतं. शिखर उंच बांधण्याची हौस इथं आडवी येते. पावसाळ्यात वीज कमी होते, आणि काकड आरती-शेजारतीला ऊन कुठलं? त्यावर नेट मीटर हा उपाय. दिवसाची जादा वीज ग्रिडला जाते, रात्री आपण तिकडून घेतो, महिन्याला वजाबाकी होते. बचत खातंच म्हणा ना. त्याचे नियम आयोग वेळोवेळी बदलतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी महावितरणच्या उपविभागात चालू नियम विचारून घ्यावेत.

घरासाठी तर फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. निवृत्तीचा पैसा मुदत ठेवीत ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा कागदावर मांडून बघावं. ठेवीवरच्या व्याजावर कर लागतो, वाचलेल्या वीजबिलावर लागत नाही!

आणि बोलायचं कुठं? ग्रामसभेत. राज्य शासनाचं माझी वसुंधरा अभियान 2020 पासून चालू आहे. ते भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेलं आहे आणि ग्रामपंचायतींना त्यात गुण मिळतात. अवधूतांच्या पहिल्या पाच गुरूंची नावं सरकारी परिपत्रकात! पाणीपुरवठ्याचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे सौर करावेत, असा विषय 26 जानेवारीच्या सभेत देवस्थान समितीनं लेखी दिला तर सरपंचांना तो टाळणं अवघड जातं. देवळाच्या लेटरहेडला गावात किंमत असते. जत्रेत रात्रभर धडधडणाऱ्या डिझेल जनरेटरबद्दलही त्याच पत्रात दोन ओळी लिहाव्यात.

आमच्या समितीत चर्चा अजून चालू आहे. निधी वर्गणीतून की शिलकीतून, यावर दोन मतं आहेत. ज्यांच्या गावी हा विषय निघेल त्यांनी आधी देवळाची मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं एका फायलीत क्रमानं लावून ठेवावीत. उत्सवाच्या महिन्याचं बिल त्यात हवंच, कारण पॅनल किती लागतील ते त्यावरून ठरतं, आणि सौर कंपनीचा माणूस आल्याबरोबर पहिल्यांदा तीच मागतो.