भिवपुरीच्या पावसात तीन फिल्टर

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडलीत की नेरळच्या पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. पावसाळ्यात इथे एकाच दिवसात तीन अडचणी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहतात. ओली पानं आणि खडक चकाकतात, धबधब्याचं पाणी फोटोत गोठल्यासारखं दिसतं, आणि संध्याकाळी सूर्य माथेरानच्या डोंगरामागे गेला की आभाळ उजळ राहतं पण खालची भातखाचरं काळवंडतात. तिन्हींना तीन फिल्टर आहेत. चला, दुकानापासून सुरुवात करू. पायऱ्यांचा क्रम मोडू नका, कारण फिल्टरच्या कामात निम्म्याहून जास्त गोंधळ क्रम चुकल्यामुळेच होतो.

दुकानात

१. लेन्सच्या पुढच्या कडेवरचा आकडा वाचा. गोलावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं आणि त्याच्याशेजारी ५५, ६७, ७७ असा आकडा. तेच तुमच्या फिल्टरचं माप, मिलिमीटरमध्ये. जपा: लेन्सवर १८-५५ असंही छापलेलं असतं. ते फिल्टरचं माप नव्हे.

२. तुमच्याकडे असलेल्या सगळ्या लेन्सची मापं कागदावर उतरवा आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या मापाचे फिल्टर मागा. लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग मिळते. एकच फिल्टर सगळीकडे चालतो, पैसेही वाचतात. जपा: रिंग लावली की लहान लेन्सचं हूड बहुधा बसत नाही.

३. पहिला फिल्टर सर्क्युलर पोलरायझर घ्या. दुकानात त्याला सीपीएल म्हणतात. एकच फिल्टर घेण्याइतके पैसे असतील तर डोळे झाकून हाच घ्या. उजळ आभाळ संगणकावर बरंचसं सावरता येतं, पण ओल्या पानावरच्या चकाकीखाली गेलेला हिरवा रंग मागाहून आणता येत नाही, आणि जुलै-ऑगस्टमधल्या भिवपुरीत ओल्या पानांशिवाय आहेच काय!

४. सीपीएल काउंटरवरच तपासा. आट्यांची बाजू डोळ्याकडे धरा, समोर कॅल्क्युलेटर किंवा लॅपटॉपचा स्क्रीन ठेवा आणि काच हळूहळू फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळा व्हायला हवा. जपा: काच उलटी धरलीत तर स्क्रीन काळा होणार नाही आणि चांगला फिल्टर तुम्ही उगाच परत कराल. काही मोबाईलचे स्क्रीनही काळे होत नाहीत, म्हणून मोबाईलवर निकाल लावू नका.

५. दुसरा फिल्टर एनडी८ घ्या. ही नुसती करडी काच आहे. ती प्रकाश आठ पटींनी कमी करते, त्यामुळे शटर आठ पट वेळ उघडं ठेवता येतं. डबीवर कधी ०.९, तर कधी ३ स्टॉप लिहिलेलं असतं. तिन्हींचा अर्थ एकच. जपा: दुकानदार फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी पुढे करेल. तो व्हिडिओवाल्यांच्या कामाचा. रुंद दृश्यात तो फार फिरवला की फोटोवर काळी फुली उमटते, आणि सीपीएलबरोबर तो सहसा लावत नाहीत.

६. तिसरा फिल्टर ग्रॅज्युएटेड एनडी घ्या: वरचा अर्धा भाग गडद, खालचा स्वच्छ. चौकटीत सरकवायचा आयताकृती घ्या, आकडा जीएनडी४ आणि प्रकार सॉफ्ट, म्हणजे गडद भाग हळूहळू विरणारा. जपा: गोल आट्यांचा घेऊ नका. त्यात गडद भागाची सीमा कायम मधोमध राहते आणि डोंगर काही तुमच्यासाठी फोटोच्या मध्यावर येऊन उभा राहत नाही.

घरी, आदल्या दिवशी

७. खिडकीजवळ पांढरा कागद ठेवून दोन फोटो काढा, एक फिल्टरशिवाय आणि एक एनडीसह. व्हाइट बॅलन्स दोन्ही वेळा तोच ठेवा. दुसऱ्या कागदावर किंचित झाक दिसली तर चालेल, संगणकावर ती निघते. जपा: जांभळी किंवा पिवळी झाक ठसठशीत दिसली तर फिल्टर बदलून घ्या.

८. फिल्टर लावण्या-काढण्याचा सराव करा. काच लेन्सवर टेकवा आणि आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवा. आटे जुळले की बोटांना बारीकसा टक्क जाणवेल. मग सरळ फिरवा. हे बघून नाही, बोटांनी ओळखता यायला हवं, कारण उद्या बोटं ओली असतील. जपा: अडकतंय असं वाटलं तर जोर लावू नका. आटे तिरके बसले की फिल्टर जाम होतो.

९. बॅग भरा: ट्रायपॉड, ब्लोअर, रबरबँड, छत्री आणि दोन मऊ फडकी. एक फडकं कॅमेऱ्याच्या अंगासाठी, दुसरं फक्त काचांसाठी. काचांचं फडकं झिपच्या पिशवीत बंद ठेवा. जपा: दोन्ही फडकी एका खिशात कोंबलीत तर एकाची रेती दुसऱ्यात जाईल आणि काचेवर ओरखडे काढेल.

१०. धबधब्यावर बंदी आहे का याची चौकशी करा. कर्जत-खालापूर भागातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढतं. जपा: बंदी असेल तर धबधब्याचा बेत सोडा आणि खाली थेट खाचरांच्या भागाकडे या. दिवस फुकट जाणार नाही.

धबधब्यावर

आषाणेच्या बाजूचा धबधबा स्टेशनपासून पायी गाठता येतो. पोचलात की लगेच कॅमेरा काढू नका.

११. आधी उभं राहायची जागा निवडा. प्रवाहाच्या कडेला, उंचावर, आणि मागे हटायला वाट मोकळी असलेली. जपा: वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं. पाणी गढूळ झालं किंवा आवाज बदलला की ट्रायपॉड उचला आणि निघा, फोटो अर्धवट राहिला तरी.

१२. ट्रायपॉड कोरड्या, पक्क्या खडकावर लावा. जपा: एक पाय जरी वाहत्या पाण्यात असला तरी तो थरथरतो आणि सगळा फोटो हलतो.

१३. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा. जपा: काचेवर काच चढत गेली की फोटोचे कोपरे काळे पडतात.

१४. चौकट ठरवा. रुंद दृश्य हवं असलं तरी १८ ऐवजी २४ मिमीच्या आसपास या, कारण आता दोन फिल्टर एकावर एक बसणार आहेत. जपा: चारही कोपरे आत्ताच पाहून घ्या.

१५. आधी एनडी८ लावा. हो, आधी एनडी. जपा: सीपीएल आधी लावून त्यावर एनडी चढवलात तर एनडी घट्ट करताना खालचा सीपीएल फिरत राहील.

१६. त्याच्या पुढे सीपीएल लावा. जपा: दोन्ही बोटाच्या जोराने पुरेसे बसतात, आवळू नका.

१७. आता सीपीएल सावकाश फिरवा, आणि पाण्याकडे न पाहता जवळच्या एका ओल्या खडकाकडे पाहा. आधी त्यावर आभाळाचा पांढरा पत्रा पसरलेला दिसेल. फिरवत जा. पांढरं विरत जाईल आणि खालून खडकाचा काळा रंग, मग शेवाळाचा हिरवा, मग दगडाच्या भेगासुद्धा वर येतील. थोडं आणखी फिरवलंत की पांढरं परत येऊ लागेल. तिथून किंचित मागे या. हीच तुमची जागा. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की सीपीएल कशासाठी असतो ते कोणाला विचारावं लागणार नाही. मोबाईलवाल्यांनाही हे जमतं: सुटा सीपीएल, आट्यांची बाजू मोबाईलकडे करून, लेन्ससमोर धरा आणि तसाच फिरवा. जपा: कॅमेऱ्यावर काच नेहमी घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवत राहिलात तर ती सुटून ओढ्यात जाईल. आणि ऊन पडून तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं असेल तर त्याच्यावर नजर ठेवून फिरवा, कारण सीपीएल ते पार पुसूनही टाकतो.

१८. धबधब्याच्या कडेच्या खडकावर फोकस करा. जपा: पाण्यावर फोकस टिकत नाही, ते हलत असतं.

१९. लेन्सचा फोकस मॅन्युअलवर टाका. जपा: हे विसरलात तर बटण दाबताना कॅमेरा पुन्हा फोकस शोधू लागेल.

२०. स्टॅबिलायझेशन बंद करा. जपा: ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर काही लेन्स उगाच थरथरतात.

२१. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, आयएसओ १००, एफ/११. ढगाळ दिवशी दोन्ही फिल्टर लावून शटर साधारण ०.८ सेकंदावर येईल. जपा: भर पावसाळ्यात पाणी जोरात असतं. ०.८ सेकंदात त्याचा सपाट पांढरा पडदा होतो. आयएसओ २०० केलात की वेळ निम्मी, ४०० केलात की पाव. मला स्वतःला भिवपुरीच्या पाण्याला पाव सेकंदाच्या आसपासची वेळ आवडते. पाणी मऊही दिसतं आणि त्याच्या धाराही वेगळ्या कळतात.

२२. व्हाइट बॅलन्स ढगाच्या चिन्हावर ठेवा. जपा: ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फोटोचा हिरवा वेगळा येईल.

२३. दोन सेकंदांचा टायमर लावा. जपा: बोटाने बटण दाबल्याचा धक्काही पुरतो फोटो हलायला.

२४. पुढच्या काचेवरचे तुषार टिपून घ्या. नुसतं टेकवून टिपायचं, घासायचं नाही. जपा: टिपल्यावर लगेच झाकण लावा, बटण दाबायच्या क्षणीच काढा.

२५. बटण दाबा!

२६. फोटो पडद्यावर मोठा करून पाण्याचा सगळ्यात पांढरा भाग पाहा. धारा दिसत नसतील तर एक्स्पोजर −०.७ करून पुन्हा काढा. जपा: पडद्यावर एकूण फोटो छान दिसला म्हणून थांबू नका. जळलेलं पांढरं नंतर भरून येत नाही.

संध्याकाळी, खाचरांजवळ

सूर्य कलायच्या आत भातखाचरांच्या कडेला या. लावणीनंतरच्या दिवसांत खाचरांत पाणी असतं आणि त्यात आख्खा डोंगर उतरलेला दिसतो.

२७. शेतात कोणी असेल तर आधी विचारा, मग बांधावर पाय ठेवा. जपा: ओला बांध खचतो, आणि पायाखाली गेलेलं रोप कोणाच्या तरी घरचा भात असतो.

२८. एनडी आणि सीपीएल दोन्ही काढा. जपा: सीपीएल राहिला तर तो पाण्यातलं प्रतिबिंबच खाऊन टाकेल, आणि आत्ता तुम्हाला तेच तर हवंय.

२९. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर टाका. आयएसओ १००, एफ/११.

३०. कॅमेरा फक्त जमिनीकडे वळवून शटरचा आकडा बघा. समजा १/१५ आला.

३१. आता फक्त आभाळाकडे वळवून बघा. समजा १/१२५. फरक आठ पट झाला. जपा: म्हणून जीएनडी८ हवा असं समजू नका. संध्याकाळचं आभाळ जमिनीपेक्षा थोडं उजळच असतं, जीएनडी४ नेमका तेवढा उजेड राखतो. फरक चार पटींहून कमी असेल तर फिल्टर लावूच नका.

३२. शटर जमिनीच्या आकड्यावर, म्हणजे १/१५ वर पक्कं करा. जपा: यापुढे हा आकडा हलवायचा नाही.

३३. फोकस करून तो मॅन्युअलवर टाका.

३४. जीएनडी चौकटीत वरून खाली हळूहळू सरकवा, डोळा मागच्या पडद्यावर. गडद भाग माथेरानच्या माथ्याच्या रेषेला टेकला की थांबा. जपा: खाली जास्त आलात तर डोंगराचा वरचा भाग काळा ठिक्कर पडतो, आणि पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत फिल्टर दिसतो.

३५. फोटो काढा, मग फिल्टर दोन-तीन मिलिमीटर वर सरकवून आणखी एक काढा. दोन्ही घरी नेऊन निवडा.

परतल्यावर

३६. एसी खोलीत उतरला असाल तर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच बंद ठेवा. सकाळी एसीतून बाहेर पडतानाही तेच करा. जपा: थंड काच दमट हवेत आली की क्षणात धुकं धरते, आणि ते पुसून जात नाही.

३७. जाम झालेला फिल्टर असेल तर त्याच्या कडेला रबरबँड गुंडाळा आणि बोटं चारही बाजूंनी पसरून फिरवा. जपा: दोनच बोटांनी दाबलंत तर कडी वाकडी होऊन आणखी आवळते.

३८. काचांवर आधी ब्लोअर मारा, मगच फडकं लावा. जपा: धबधब्याच्या पाण्यात बारीक रेती असते. ती काचेवर असताना पुसलंत तर ओरखडे कायमचे.

३९. आटे जुन्या मऊ टूथब्रशने झाडून घ्या.

४०. फिल्टर पूर्ण कोरडे झाले की सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. जपा: ओलसर कापडी पाकिटात ठेवलेल्या काचेवर पावसाळा संपायच्या आत बुरशीची जाळी धरते.