पावसाआधी उंबरठा बदलू या



शिरपूर, चोपडा, साक्री या तालुक्यांतील पाड्यांवर घरदुरुस्तीच्या सेवेला जाणारे स्वयंसेवक छपराकडे पाहतात. मी त्यांना आधी उंबरठ्याकडे पाहायला सांगतो. पावसाच्या माऱ्याने, वाळवीने आणि रोजच्या वावराने उंबरठा मध्येच झिजतो व दाराखाली फट पडते. त्या फटीतून पाणी येते, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात.

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा फारसा दुखत नाही, सूजही नसते. म्हणून घरच्यांना उशिरा कळते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेक खेड्यांतले होते आणि जून ते सप्टेंबर हे महिने सर्वांत धोक्याचे. अनुवाद 22:8 मध्ये नवे घर बांधताना छताला कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून मरणार नाही. उंबरठ्याचे कामही त्याच जातीचे आहे.

आता कामाचा धडा घेऊ.

1. आधी घरधनिणीला विचारा. खानदेशात पुष्कळ घरी उंबरठ्याला हळदकुंकू लावतात. तिच्या संमतीशिवाय करवत लावू नका.

2. दार उतरवा. जुने दार खुंटीवर फिरणारे असेल, तर त्याची खालची खुंटी उंबरठ्याच्याच खळग्यात असते. तो खळगा नव्या लाकडात त्याच जागी करावा लागेल. त्याचे माप लिहून ठेवा.

3. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना खालून वीतभर वर आडवी पट्टी ठोका. उंबरठा निघाल्यावर बाजू आत सरकत नाहीत.

4. उंबरठ्याची दोन्ही टोके खाचेत अडकलेली असतात, म्हणून तो अखंड निघत नाही. मध्यभागी दोन ठिकाणी कापून तुकडा काढा. मग उरलेली टोके पहारीने मधल्या मोकळ्या जागेकडे ओढा. खिळे अडले तर लोखंडी करवतीने कापा.

5. खालची भुसभुशीत माती उकरा. उंदरांची बिळे दगडाच्या कपचीने आणि सिमेंटने बुजवा. ही पायरी वगळली तर नव्या उंबरठ्याचा उपयोग नाही.

6. सागाचे किंवा बाभळीचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्या. लांबी पुढून व मागून, दोन्हीकडे मोजा; चौकट क्वचितच काटकोनात असते. वरचा भाग बाहेरच्या बाजूला थोडा उतरता तासा. खालच्या बाजूला डांबर आणि वर जवसाचे तेल लावा. कापलेल्या टोकांना दोनदा लावा, कारण लाकूड पाणी तिथूनच पिते.

7. एक भाग सिमेंट व चार भाग वाळूच्या मालावर लाकूड बसवा. दोन्ही टोकांना तिरके लांब स्क्रू मारा आणि आतून लोखंडी अँगल लावा. दोन दिवस कोणी पाय देऊ नये. सात दिवस कडेच्या मालावर ओले पोते ठेवा.

घरकुलाच्या पक्क्या घरात लाकडाऐवजी कडाप्प्याची किंवा शहाबादी फरशीची पट्टी चालते. तिला वाळवीची भीती नाही. घरात म्हातारे माणूस असेल तर उंची बेताची ठेवा.

शेवटी परीक्षा घ्या. रात्री एकाने बाहेरून दाराखाली विजेरी धरावी, दुसऱ्याने आत अंधारात पाहावे. जिथे उजेड दिसेल तिथे शिसपेन्सिल सरकवून बघा. ती आत गेली तर सापाचे पिल्लूही जाईल. दाराच्या खाली रबरी पट्टी ठोका.

उंबरठा झाला म्हणजे सगळे झाले असे नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोवावी. दंश झालाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. माणसाला हालचाल न करू देता 108 ला फोन करून रुग्णालयात न्यावे.

दोन माणसांना हे काम एका दिवसात जमते. जूनपूर्वी आपल्या ओळखीच्या एका पाड्यावर जा, आणि पहिल्या घरी वर छपराकडे पाहण्याआधी खाली वाकून पाहा.