घरांतील गळती : तिची परीक्षा व उपाय

येवलें हें पैठणी विणणाऱ्या कारागिरांचें गांव. येथील पुष्कळ घरांत माग राहत्या जागेंतच असतो, व विणकर जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून, पावड्या दाबीत विणावयास बसतो. हा मुलूख कमी पावसाचा खरा. परंतु गळतीस पावसाळाच लागतो असें नाहीं. वरच्या बिऱ्हाडाची मोरी किंवा भिंतींतील नळ तें काम बारा महिने करूं शकतो. म्हणून या विषयाचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

प्रथम हिशेब करूं. पाण्याचे सुमारे २० थेंब मिळून एक मिलिलिटर होतो असें धरलें, तर सेकंदास एक थेंब याप्रमाणें दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी झालें. वर्षाचें तें दीड हजार लिटरांवर जातें. हें पाणी भिंतींतील सूक्ष्म छिद्रांतून सर्व दिशांस पसरतें, क्षार विरघळवून पृष्ठभागीं आणतें व भिंतीस लोणा लागतो. स्लॅबांतील लोखंडी गज गंजून फुगतात, व सिमेंटाचे पोपडे सुटतात.

मागाच्या खोलींत तर संकट दुहेरी. रेशीम आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही हातास कोरडेंच लागतें. त्यामुळें बुरशी धरेपर्यंत धोका ध्यानांत येत नाहीं. दमट हवेंत जर काळवंडते. खड्डा तर घरांतील सर्वांत सखल जागा. पाणी तेथेंच जमतें. कित्येक आठवड्यांचे श्रम अशा रीतीनें वायां जाऊं शकतात. यास्तव ओल दिसतांच विजेचें मुख्य बटण बंद करावें आणि रेशीम, जर व विणलेलें कापड कोरड्या खोलींत हलवावें.

पुढें मूळ शोधावें. डाग जेथें दिसतो तेथेंच छिद्र असेल असें मानूं नये. पाणी गजाच्या वा तुळईच्या आधारानें सरकत जाऊन भलतीकडे टपकतें. पावसांतच गळत असेल, तर दोष छताचा असण्याचा संभव अधिक. एरव्हीं रात्रीं सर्व तोट्या बंद करून टाकींतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळीं पातळी उतरली असल्यास नळाचा किंवा टाकीचा संशय घ्यावा. पातळी तशीच राहिल्यास मोरीच्या निचऱ्यास बोळा लावून रंगीत पाणी बोटभर सांठवावें. कांहीं तासांनीं खालीं रंग उतरला, तर फरशीचे सांधे सदोष समजावे. न उतरल्यास बोळा काढावा. मग उतरला, तर दोष सांडपाण्याच्या नळांत आहे.

मूळ बंद झाल्यावर सुटलेला गिलावा खरवडावा व खिडक्या उघड्या टाकून भिंत पूर्ण वाळूं द्यावी. यास कित्येक आठवडेही लागतात. पांढऱ्या कागदानें डाग झांकावा तसा कित्येक लोक ओल्या भिंतीवर रंग फांसतात. तो रंग थोड्याच दिवसांत फुगून सुटतो, आणि आंतील गज गंजतच राहतात.

वाचकहो, वरच्या व खालच्या बिऱ्हाडांचीं भांडणें बहुधा अंदाजावर चालतात. चिमूटभर रंग व एका रात्रीचा धीर एवढ्यानें ज्याचा निर्णय होतो, त्यासाठीं शेजारधर्म मोडणें शहाणपणाचें नव्हे. थेंबें थेंबें तळें साचतें, हें आपण काटकसरीविषयीं शिकलों. भिंतीच्या आंतही तें तितकेंच खरें आहे.