घरी दुरुस्त केलेल्या मोटारसायकलीची रेस : दोष, कारणे व उपाय

सातारा व सांगली या जिल्ह्यांत मोटारसायकल ही शेतीच्या दैनंदिन व्यवहाराचाच एक भाग झाली आहे. दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोचविणे, पंप सुरू करण्यास मळ्यात जाणे, बाजारातून खते व बियाणे आणणे ही कामे तिच्यावरच होतात. लहानसहान दुरुस्ती घरीच करण्याची या भागाची रीतही जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली व तेथे लोखंडी नांगर तयार केले. त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला होता. आपले यंत्र आपण समजून घ्यावे ही वृत्ती स्तुत्य आहे. तथापि नांगराचा बोल्ट ढिला राहिल्यास तास वाकडे जाते. धावत्या गाडीची रेस अडकल्यास माणूस प्राणास मुकतो.

म्हणून दुरुस्तीनंतर इंजिन चालू झाले, एवढ्यावरून काम पुरे झाले असे समजू नये. मूठ सोडताच रेस आपोआप पूर्ण उतरते, अशी खात्री झाल्यावरच ते पुरे झाले असे मानावे.

प्रथम परीक्षा

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी व इंजिन बंद ठेवावे. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत मूठ पूर्ण पिळून सोडून द्यावी. प्रत्येक वेळी ती झटकन मूळ जागी आली पाहिजे. मूठ पिळताना आरंभी थोडी मोकळी चाल असावी लागते. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. ही चाल साधारणतः २ ते ६ मिलिमीटर असते. परंतु त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन उघड्यावर चालू करावे व हँडल दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. त्या वेळी इंजिनाचा आवाज वाढता कामा नये.

दोष व त्यांची कारणे

(१) हँडल वळविताच रेस वाढते. केबल ताणली जात आहे, असा याचा अर्थ. टाकी परत बसविताना केबल तिच्याखाली दबली असेल, चुकीच्या वाटेने नेली असेल किंवा इतर वायरींसह आवळून बांधली गेली असेल. केबल मूळ वाटेने न्यावी व मोकळी चाल पुन्हा जुळवून लॉक नट घट्ट करावा.

(२) मूठ सावकाश परत येते. मुठीचे नवे रबर हँडलच्या टोकास घासते काय ते पाहावे. पाटणकडील पावसात केबलमध्ये पाणी शिरून गंज धरतो. जत व आटपाडीकडे धूळ साचते. केबलमध्ये जाड ग्रीस भरू नये; त्यात धूळ मिसळून केबल अधिकच जड होते. तारेचा एक पदर जरी तुटला असेल, तरी नवी केबल घालावी. तुटक्या तारेस गाठ मारू नये.

(३) इंजिन चालू होताच रेस भडकते. कार्बोरेटर उघडला असल्यास त्यातील स्लाइड उलटी बसल्याचा संशय घ्यावा. स्लाइडची खाच कार्बोरेटरच्या आतील पिनेवर बसली पाहिजे व तिचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरकडे असला पाहिजे. झाकण सहज बसत नसल्यास जोर लावू नये. स्लाइड काढून पुन्हा बसवावी.

(४) मूठ सोडल्यावर रेस हळूहळू उतरते. कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधील सांध्यातून हवा शिरत असावी. रबरी रिंग राहून गेली काय, मॅनिफोल्डला चीर आहे काय, बोल्ट सारखे आवळले आहेत काय हे तपासावे. हवा कोठून शिरते हे पाहण्यासाठी चालत्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. त्याने आग लागते. तो कदापि करू नये.

(५) मूठ पिळली असता इंजिन गुदमरते. जेटमध्ये कचरा अडकला असेल किंवा निडलची क्लिप दुसऱ्या खाचेत बसली असेल. निडल काढण्यापूर्वी क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवावे.

वरीलपैकी कोणताही दोष आयडलिंगचा स्क्रू फिरवून झाकू नये. मूळ कारण कायम राहते व ते नेमके रस्त्यावर प्रकट होते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंधन इंजेक्शनची रचना आहे. अशा गाडीत घरी केबल व मूठ तेवढी तपासावी; थ्रॉटल बॉडीचा स्क्रू व सेन्सर यांस हात न लावता गाडी जाणकार कारागिराकडे न्यावी.

चालत्या गाडीची रेस अडकल्यास

क्लच पूर्ण दाबावा व दोन्ही ब्रेक बेताने लावावेत. त्याच वेळी किल स्विचने इंजिन बंद करावे. तो नसल्यास किल्ली फक्त बंद स्थितीपर्यंत फिरवावी; हँडल लॉक होईल इतकी फिरवू नये. क्लच दाबल्यावर इंजिन मोठ्याने ओरडेल. त्यामुळे गोंधळून क्लच सोडू नये. पसरणीसारख्या घाटात किंवा गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना विचार करण्यास अवधी मिळत नाही. म्हणून ही कृती गाडी स्टँडवर उभी असतानाच हातांस सवयीची करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संकलन केंद्रावर किंवा ग्रामसभेच्या दिवशी तिन्ही स्थितींतील परीक्षेचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दुरुस्त केलेली गाडी या परीक्षेत उतरेपर्यंत तिच्यावर मुलांना बसवू नये व किटल्याही लादू नयेत, एवढा नियम प्रत्येक घराने पाळावा.